न खपलेल्या मालाची शिकवण

व्यापारांत पडलेल्या मनुष्याला नफ्याची भाषा लवकर समजते. तोट्याची भाषा समजावयास मात्र वेळ लागतो. माल चांगला आहे, भाव वाजवी आहे, दुकान भरवस्तींत आहे, आणि तरीहि गिऱ्हाईक येऊन पाहतें, चौकशी करतें व रिकाम्या हातानें परत जातें, असा अनुभव आला म्हणजे दुकानदाराच्या तोंडीं पहिलें वाक्य येतें तें गिऱ्हाइकाच्या अडाणीपणाविषयींचें. 'लोकांना चांगल्या वस्तूची पारख नाहीं,' असें म्हटल्यानें मनाला थोडें समाधान मिळतें. पण उद्यां दुकान उघडल्यावर काय करावें, याचें उत्तर कांहीं त्यांत सांपडत नाहीं.

वास्तविक गिऱ्हाइकाच्या एका 'नको' मध्यें निरनिराळे अर्थ असूं शकतात. एक 'नको' भीतीपोटीं येतो. दुसरा वहिवाटीपोटीं येतो. म्हणजे तेंच काम करण्याची एक जुनी, अंगवळणीं पडलेली व पुरेशी चांगली रीत गिऱ्हाइकाजवळ आधींच असते. तिसरा 'नको' हिशेबापोटीं येतो. विकणाऱ्याला जें उत्तम वाटतें तें घेणाऱ्याच्या जमाखर्चांत परवडत नाहीं. तिन्हीं नकारांचा उच्चार एकच असला तरी त्यांवरील उपाय भिन्न आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पदरचें भांडवल जातें. या तिन्हीं प्रकारांचीं उदाहरणें महाराष्ट्राच्या शेतींत, आणि विशेषतः वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत, स्पष्ट पाहावयास मिळतात.

भीतीचें उदाहरण महाराष्ट्रांतील यंत्रधंद्याच्या आरंभींच आढळतें. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकला शिकण्यासाठीं ते मुंबईस गेले. परंतु कांहीं रंग आपल्याला नीट ओळखतां येत नाहींत असें आढळल्यावर त्यांनीं चित्रें सोडून यंत्रांच्या आराखड्यांचा अभ्यास केला, आणि पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकाची नोकरी धरली. १८८८ सालीं बेळगांवांत सुरू झालेलें सायकलींचें दुकान त्यांचे बंधु रामूअण्णा यांच्या साह्यानें चाले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हां १८९७ सालीं लक्ष्मणरावांनीं नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगांवीं आले. पुढें या बंधूंनीं कडबा कापण्याचें यंत्र तयार केलें, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीं लोखंडी नांगर घडविण्यास हात घातला.

नांगर तयार झाला, पण शेतकरी तो घेईनात. लोखंडानें जमिनींत विष भिनतें व ती नापीक होते, अशी समजूत त्या काळीं दृढ होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. आज ही हकीकत ऐकतांना शहरांतील सुशिक्षित मनुष्य हंसतो. पण हंसण्यापूर्वीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवें. शेतकऱ्याच्या लांकडी नांगरालाहि फाळ लोखंडाचाच असे. म्हणजे लोखंड जमिनीला पूर्वींच परिचित होतें. मग विषाची भीति एकाएकीं कोठून आली?

येथें गिऱ्हाइकानें बोलून दाखविलेलें कारण आणि त्याच्या मनांतील कारण यांतील अंतर ध्यानांत येतें. लांकडी नांगर गांवचा सुतार करी, मोडला तर तोच दुरुस्त करी, आणि त्याचा मोबदला सुगीच्या वेळीं धान्याच्या रूपानें मिळे. बिडाच्या नांगराचा भाग तडकला तर तो गांवच्या लोहाराला भट्टींत तापवून ठोकतां येत नाहीं, कारण बीड ठोकलें असतां फुटतें. ऐन पेरणीच्या तोंडावर नांगर मोडून पडला तर कोणाकडे जावयाचें, हा प्रश्न ज्याचें वर्षाचें पोट एका पावसाळ्यावर अवलंबून आहे त्याला सुचणें स्वाभाविक होतें. जमीन बिघडेल ही भीति आणि हंगाम बुडेल ही भीति एकमेकींत मिसळलेल्या असणें अगदीं शक्य आहे. आणि पहिली बोलून दाखविणें सोपें, कारण तिला सगळ्या गांवाची साक्ष असे.

अशा भीतीवर जाहिरातीचा किंवा वादविवादाचा उपयोग फार थोडा होतो. शेजाऱ्याच्या वावरांत नांगर चाललेला दिसावा, पुढच्या सुगीला त्या वावरांतील पीक दृष्टीस पडावें, नांगराचा भाग मोडल्यावर नवा भाग मिळालेला पाहावा, आणि मग आपण विचार करावा, हाच शेतकऱ्याचा क्रम असतो. या क्रमाला हंगामांच्या हिशेबानें वेळ लागतो. म्हणून भीतीवरचा खरा उपाय म्हणजे कालावधि. आणि ज्याला तितका काळ तग धरतां येईल त्यालाच हा उपाय साधतो. किर्लोस्कर बंधूंजवळ नांगराखेरीज दुसराहि माल होता, ही गोष्ट त्यांच्या चिकाटीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. पुढें बेळगांवांतील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडलनजीक माळरान दिलें व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसली, आणि एके काळीं ज्याला गिऱ्हाईक मिळत नव्हतें तो नांगर तेथून गांवोगांव जाऊं लागला.

ही कथा बहुधा एवढ्यावरच संपविली जाते, आणि ऐकणारा असा बोध घेतो कीं, लोक नाकारीत असले तरी आपण हटूं नये. हा बोध अर्धाच खरा आहे. तोच नांगर घेऊन एखादा विक्रेता त्या काळीं यवतमाळकडे उतरला असता तर त्याला जो 'नको' ऐकूं आला असता, तो निराळ्या जातीचा असता.

१९०५ सालापर्यंत सरकारदप्तरीं वणीच्या नांवानें नोंदलेला हा जिल्हा म्हणजे कापसाचा प्रदेश. पुढें यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली, तीहि मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठीं. येथील खोल काळ्या जमिनीचा एक विशेष धर्म आहे. पावसाळ्यांत ती फुगते आणि उन्हाळ्यांत वाळून तिला हातहात खोल भेगा पडतात; वरची माती ढासळून त्या भेगांत जाते आणि खालच्या थरास हवा लागते. एका अर्थीं ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरीत असते. म्हणून वऱ्हाडच्या शेतकऱ्याचें मुख्य औत नांगर नसून वखर होतें. वखराला आडवी लोखंडी पास असते. ती जमिनीच्या वरच्या थराखालून सरकते, धसकटें व तण कापते आणि ढेकळें फोडते. उन्हाळ्यांत दोनतीनदां वखर फिरविला, पावसाच्या सरी पडल्यावर तिफण चालविली, आणि पीक वाढूं लागल्यावर ओळींमधून डवरा फिरविला, म्हणजे मशागतीचा क्रम पुरा झाला. हरळी, कुंदा किंवा कांस यांच्या मुळ्या खोल गेल्या तरच, कित्येक वर्षांतून एकदां, नांगराची आठवण होई.

अशा शेतकऱ्याला लोखंडी नांगर दाखविला तर त्याची भीति घालविण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. लोखंड तर त्याच्या वखरालाहि आहे. त्याचें काम आधींच होत आहे, आणि जें औत वर्षानुवर्षें पडून राहणार तें विकत घेण्यांत त्याला अर्थ दिसत नाहीं. येथें दोन वर्षें धीर धरणारा विक्रेता दोन वर्षांचें भाडें मात्र भरीत बसेल. परंतु हाच नकार त्यानें नीट ऐकला, तर त्यांतच एक मार्ग दडलेला आहे. कित्येक वर्षांतून एकदां लागणारी वस्तु कोणी विकत घेत नाहीं. पण ती भाड्यानें मिळाली तर घेतो. मजबूत बैलजोड्यांसह एखादा नांगर गांवोगांव फिरवून कुंद्यानें माजलेलीं वावरें तेवढीं नांगरून देणें, हा निराळाच धंदा झाला. वस्तु तीच, गिऱ्हाईकहि तेंच. बदलली ती देण्याची रीत. वहिवाटीपोटीं आलेल्या नकारावर उपाय हा कीं, वहिवाटीशीं झगडण्याऐवजीं ती कोठें अपुरी पडते तें पाहावें आणि आपला माल त्या जागीं नेऊन ठेवावा.

तिसरा प्रकार हिशेबाचा. आणि त्याचें उदाहरण तर वऱ्हाडच्या कापसानेंच घालून दिलें आहे. वर्धा नदीच्या पलीकडे, वणीच्या शेजारीं, हिंगणघाटची पेठ आहे. तेथील 'बनी' जातीचा कापूस तलम व लांब धाग्याचा म्हणून एकोणिसाव्या शतकांत विलायतेपर्यंत नांवाजलेला होता. हाच कापूस शेतकऱ्यांनीं लावावा, अशी सरकारी अधिकाऱ्यांची इच्छा असे. पण शेतकरी हळूहळू बनी टाकून 'जरी' या नांवाचा, आंखूड व जाड्याभरड्या धाग्याचा मिश्र कापूस पेरूं लागले. वऱ्हाडचा कापूस बिघडला, शेतकऱ्यास गुणाची कदर राहिली नाहीं, अशी तक्रार वर्षानुवर्षें सरकारी अहवालांतून ऐकूं येत राहिली.

या तक्रारींत शेतकऱ्याचा जमाखर्च मात्र कोठें दिसत नसे. जिनिंगमध्यें कापसांतून सरकी निघून गेल्यावर जी रुई उरते तिच्या प्रमाणाला रुईचा उतारा म्हणतात. बनीचा उतारा शेंकडा तीसच्याहि खालीं असे. उलट 'जरी'मधील कांहीं जातींचा तो शेंकडा चाळीसच्या घरांत जाई. म्हणजे शंभर शेर कापसामागें एकाला तिसाहून कमी शेर रुई, तर दुसऱ्याला जवळजवळ चाळीस. एवढी तूट भरून निघावयाची तर बनीच्या रुईला शेरामागें निदान एकतृतीयांश अधिक भाव मिळावयास हवा होता. शिवाय जरीचें झाड काटक, पीक लवकर हातीं येणारें, आणि एकरीं उत्पन्न अधिक. बाजारांत तर दोन्हीं कापूस एकमेकांत मिसळले जात आणि तलम धाग्याचा वेगळा भाव शेतकऱ्याच्या हातापर्यंत पुरता पोहोंचत नसे. अशा स्थितींत बनी नाकारणारा शेतकरी अडाणी नव्हता. विलायतच्या गिरणीची सोय आपल्या पैशानें करून देण्याचें त्यानें नाकारलें होतें, इतकेंच.

येथून पुढचा भाग व्यापाऱ्यांनीं मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कृषिखात्यांतील डॉ. क्लाउस्टन यांनीं या नकाराचा अर्थ लावला. शेतकरी जो मिश्र कापूस आपण होऊन निवडीत आहे, त्यांतच काय गुण आहे हें त्यांनीं तपासलें, त्या मिश्रणांतून भरपूर उताऱ्याची 'रोझियम' ही पांढऱ्या फुलाची जात निवडून शुद्ध केली, आणि तिचेंच बीं सरकारी प्रयोगक्षेत्रांतून व बियाणें वाढविणाऱ्या शेतकऱ्यांमार्फत पसरविलें. शेतकऱ्यांनीं तें आनंदानें घेतलें. जें खातें 'आमचें उत्तम बीं कोणी घेत नाहीं' म्हणून तक्रार करीत होतें, त्याच खात्याचें बीं आतां मागणी होऊन जाऊं लागलें. गिऱ्हाईक तेंच राहिलें होतें. खात्यानें 'उत्तम' या शब्दाची व्याख्या तेवढी बदलली. पूर्वीं ती धाग्याच्या लांबीवर होती, आतां ती एका एकराच्या प्राप्तीवर आली.

तथापि हिशेबापोटीं आलेला नकार कायमचा नसतो, कारण हिशेबांतील आंकडे बदलतात. आंखूड धाग्याच्या हिंदी कापसाचें जपान हें मोठें गिऱ्हाईक होतें. १९३३ सालीं जपानी गिरण्यांनीं तो घेणें कांहीं महिने बंद केलें, तेव्हां केवळ उताऱ्यावर भिस्त ठेवण्यांतील धोका सर्वांना दिसला. देशी गिरण्याहि अधिक लांब धागा मागूं लागल्या होत्या. अशा काळांत 'व्हेरम २६२' ही, धागा सुधारलेला असूनहि उत्पन्नास परवडणारी जात वऱ्हाडांत पसरली. लांब धाग्याला एकदां मिळालेला 'नको' पुढें 'हो' झाला तो उपदेशानें झाला नाहीं. शेतकऱ्याच्या पदरांत पडणारी रक्कम बदलल्यामुळें झाला. म्हणून आज न खपलेली वस्तु टाकून देतांना ती कोणत्या आंकड्यामुळें खपली नाहीं, एवढें टिपून ठेवणें शहाणपणाचें असतें.

नांगराच्या व कापसाच्या या गोष्टी शहरांतील कुटुंबांनाहि लागू पडतात. सेवानिवृत्तीची रक्कम हातीं आली, मुलें मोठीं झालीं, घरांत एक खोली रिकामी आहे, म्हणून लहानसा धंदा काढण्याचा विचार पुष्कळ घरांतून होत असतो. समजा, यवतमाळ शहरांतील अशा एका कुटुंबानें वाळवणाचे जिन्नस विकावयाचें ठरविलें. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, सर्व कांहीं स्वच्छ, घरगुती आणि रुचकर. पहिल्या खेपेस २०० पुडे तयार केले. नातलग, शेजारी व स्नेही यांनीं कौतुक करून ६० पुडे नेले. बाकीचे फडताळांत राहिले. पुढच्या दोन महिन्यांत त्या ६० घरांपैकीं केवळ ८ घरांनीं पुन्हां मागणी केली.

या स्थितींत बहुतेक कुटुंबें दोहोंपैकीं एक चूक करतात. एक तर ६० हा आंकडा धरून उमेद बाळगतात, मोठें भांडें, नवें यंत्र व रंगीत वेष्टणें यांत आणखी पैसा घालतात. किंवा १४० पुडे शिल्लक राहिले म्हणून निराश होऊन सगळेंच आवरतें घेतात. पण ६० हा आंकडा बव्हंशीं स्नेहाचा आहे आणि १४० हा अंदाजाच्या चुकीचा. खरी बातमी ८ या आंकड्यांत आहे. स्तुति फुकट मिळते, पहिली खरेदी भिडेखातर होते; दुसऱ्यांदां खिशांतून पैसे काढणारा मनुष्य मात्र आपल्या गरजेविषयींच बोलत असतो. त्या ८ घरांची चौकशी केली असतां तीं कदाचित् बदलीवर आलेल्या नोकरदारांचीं किंवा शिक्षणासाठीं खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचीं निघतील. त्यांना गच्ची नाहीं, वाळवणास सवड नाहीं, आणि मोठा पुडा ठेवावयास डबाहि नाहीं. उरलेल्या ५२ घरांत चैत्र-वैशाखांत वाळवण घरींच होतें. त्यांचा नकार वहिवाटीचा आहे. पदार्थ कितीहि रुचकर केला तरी तो नकार हलणार नाहीं. त्या ८ जणांसाठीं लहान पुडा आणि महिन्याचें ठराविक गिऱ्हाईक, हा धंदा मात्र होऊं शकेल. किंवा ५२ घरांतील वयस्क गृहिणींना कुरडयांचा चीक शिजवून देणें, साचा फिरवून देणें, हेंहि एक काम निघेल. वखराच्या प्रदेशांत नांगर भाड्यानें देण्यासारखेंच तें आहे.

नकाराचा प्रकार ओळखण्यासाठीं गिऱ्हाइकाला 'आमचा माल कसा वाटला?' असें विचारूं नये. सभ्य मनुष्य त्यावर 'छान' एवढेंच सांगतो. 'सध्यां हें काम तुमच्याकडे कसें होतें, आणि त्यांत अडचण कोणती येते?' असें विचारावें. उत्तरांत दुसऱ्या कोणाच्या अनुभवाची वाट पाहणें दिसलें तर नकार भीतीचा समजावा, आणि थोडा माल विश्वासू घरीं वापरावयास देऊन थांबावें. 'आमच्याकडे होतें कीं तें,' असें उत्तर आलें तर तो वहिवाटीचा. तेथें अडचणीची जागा शोधावी. भावाची किंवा प्रमाणाची घासाघीस सुरू झाली तर तो हिशेबाचा. तेथें गिऱ्हाइकाच्या बाजूनें जमाखर्च मांडून वस्तूच बदलावी लागते.

यांतील प्रत्येक उपायाला थोडाफार पैसा व वेळ लागतो, आणि तो किती घालावयाचा हें माल तयार करण्यापूर्वींच ठरविलें पाहिजे. धंद्यांत पडल्यावर मनुष्याचा माल हा त्याच्या अभिमानाचा विषय होतो, आणि अभिमानाला मर्यादा घालणें मागाहून जमत नाहीं. एवढी रक्कम, एवढे महिने, अशी नोंद कागदावर करून ती घरांतील दुसऱ्या जाणत्या माणसाच्या हातीं द्यावी. घरखर्चाची तजवीज या रकमेच्या बाहेर असावी. मुदत संपली म्हणजे शिल्लक मालाबरोबर पुन्हां मागणी करणारांचीं नांवें, न घेणारांचीं उत्तरें आणि झालेला खर्च हीं तिन्हीं एकत्र मांडून पाहावीं. पुढचा पैसा घालावयाचा कीं नाहीं, हा निर्णय त्या कागदावरून घ्यावा. आणि नाहीं असें ठरलें तरी तो कागद जपून ठेवावा, कारण त्यांत लिहिलेलीं उत्तरें विकत घेण्यासाठीं घरची पुंजी खर्च झालेली असते.